उतारशाळेचा मालक आणि मार्थामावशी

मार्थामावशी खंडारे डोळे मिटायच्या तेव्हा आम्ही दोघी आपापली पानं छातीशी धरायचो. डोळे उघडे असताना बाई मायाळू होती, चहात साखर विचारून घालायची. पण एकदा का हात जोडून, मान वाकवून, "हे कृपाळू देवबापा" म्हणाली, की समजावं, आपल्या लिखाणातला एखादा परिच्छेद आता काही वाचत नाही.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि प्रभाताई सोनवणे. रायपूरच्या आमच्या छोट्या मराठी चर्चमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रम असायचा आणि त्यात महिला मंडळानं स्वतः रचलेली नाताळची गोष्ट वाचायची, असा शिरस्ता होता. ती गोष्ट आम्ही तिघी मिळून लिहायचो. प्रभाताईंकडे निसर्ग आणि अश्रू, माझ्याकडे संवाद, आणि मावशींकडे माणसं. बैठक चौबे कॉलनीत मावशींच्या पुढच्या खोलीत. सुरुवात अर्थातच प्रार्थनेनं. ही प्रार्थना तासभर चालायची आणि लेखन दहा मिनिटं, कारण खरं भांडण प्रार्थनेतच व्हायचं.

"हे देवबापा," मावशी सुरू करायच्या, "तू सूर्य निर्माण केला, तुह्ये लाख उपकार. पण आमच्या प्रभाबहिणीनं तो पहिल्याच पानावर तीनदा मावळून टाकला. तुह्या राज्यात तो दिवसातून एकदाच मावळते. तिले सद्बुद्धी दे. आमेन."

कुणाच्या प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही. प्रभाताई मिटल्या डोळ्यांनी थरथरत आपली पाळी येईपर्यंत थांबायच्या. मग त्या सुरू व्हायच्या. "हे प्रभू, ज्यांचं उभं आयुष्य बेडपॅन उचलण्यात गेलं, ज्यांनी आकाशाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, त्यांनाही तू क्षमा कर. आणि सूर्यास्त निदान दोन तरी राहू दे."

नियम मावशींनीच घालून दिलेला होता. प्रार्थनेला उत्तर प्रार्थनेनंच द्यायचं. तिघींनी आमेन म्हटलं की ठरलं, पुन्हा तो विषय काढायचा नाही. "देवाले सांगून झालं," मावशी म्हणायच्या, "त्याच्यापाशी खोडरबर नसते."

मावशी मूळच्या अमरावतीकडच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या, रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागल्या, विधवा झाल्या, मुलाला शिकवून पुण्याला पाठवलं आणि सिस्टर म्हणूनच रिटायर झाल्या. अर्धं रायपूर त्यांच्या हातावर जन्मलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांनी सुई टोचलेली. त्यामुळे गोल बाजारात त्या दिसल्या, की अर्धे लोक पाया पडायला धावत आणि उरलेले नकळत कमरेवर हात ठेवून बाजूला सरकत. एकदा एका बैलानंही तसंच केलेलं मी पाहिलं आहे. आता बैलाला त्यांनी सुई कधी टोचली, ते मला माहीत नाही. पण बैलाची नजर ओळखीची होती.

लिहिण्याबद्दलचं त्यांचं मतही दवाखान्यातूनच आलेलं. "गोष्ट म्हणजे सुई होय, पोट्टी," त्या मला सांगायच्या. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, पण मावशींसाठी पोट्टीच. "हळू टोच, गोड बोलून टोच. पण टोचलीच नाही तं लागू कशी पडंन?"

त्या वर्षी नोव्हेंबरात नवं राज्य निघालं आणि आमचं रायपूर त्याची राजधानी झालं. रात्री झोपलो तेव्हा गाव होतं, सकाळी दूधवाल्यानंच सांगितलं की आता राजधानीचं दूध पाण्यासकट महाग होईल. भोपाळहून साहेबांचे लोंढे येऊ लागले. ट्रकच्या ट्रक फायली उतरत होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती, मग साहेबांना कुठून असणार? शंकर नगरात एका गृहस्थानं आपल्या कुत्र्याला घरात घेतलं आणि त्याच्या खोलीवर 'किराये से देना है' असा बोर्ड लावला. लोक सांगतात, दोन अवर सचिव ती खोली पाहून गेले, आणि एकानं खिडकी नाही अशी तक्रार केली. घरमालकांची चाल बदलली. कालपर्यंत जो माणूस कोथिंबीर फुकट मागायचा, तो आज फाटकात उभा राहून मिशीला पीळ देऊ लागला.

हे पाहूनच मावशींना गोष्ट सुचली. मरिया आणि योसेफ शिरगणतीसाठी राजनांदगावहून एस.टी.नं रायपूरला येतात आणि नव्या राजधानीत त्यांना कुठंच जागा मिळत नाही.

"आणि बेथलेहेम?" प्रभाताई कळवळल्या. बेथलेहेमच्या टेकड्यांवर त्यांनी एक सूर्यास्त आधीच लिहून आणला होता.

"बेथलेहेम कोनी पाह्यलं व? घर शोधनं सगळ्यायनं पाह्यलं."

आमेन झालं. टेकड्या गेल्या. गोष्ट भराभर पुढं सरकू लागली आणि बायबलात जिथं त्यांना जागा मिळत नाही त्या उतारशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, दारापाशी येऊन थांबली. मालकाला अजून नाव नव्हतं, तोंडवळा नव्हता. तो होता वरच्या मजल्यावर, पण आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

मावशींचे घरमालक तिवारीजी वरच्या मजल्यावर राहायचे. मोठा सज्जन माणूस, मेंदीनं रंगवलेल्या मिशा, हिरवी स्कूटर. त्यांना जन्मजात एकच व्याधी होती, त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. कॉलनीत एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन गणेश मंडळं होती आणि तिवारीजी दोन्हींचे अध्यक्ष होते. दारावर येणाऱ्या गालिचेवाल्याला ते नाही म्हणू शकले नाहीत, म्हणून त्यांच्या घरात गालिच्यावर गालिचा, त्यावर गालिचा असे इतके थर झाले होते की उंच पाहुण्यांचं डोकं पंख्याला लागायचं. त्यांच्या दोन्ही मुली मावशींच्या हातावर जन्मलेल्या. मावशींना ते बहनजी म्हणायचे आणि आठवड्यातून एकदा, कुणी न विचारता, सांगायचे, "बहनजी, ये घर आपका है. आराम से रहिए."

मग नव्या कुठल्याशा खात्याचा एक बाबू आला आणि म्हणाला, आमच्या साहेबांना खालचा मजला हवा. तिवारीजी काय म्हणणार? म्हणाले, "जी, बिलकुल."

आता हे मावशींना सांगायचं कसं? पंधरा दिवस ते रोज काहीतरी सांगायला खाली येत आणि काहीतरी देऊन वर जात. आधी पेढे आले, मग पपई, मग एक गालिचा. शेवटी हे सांगायला त्यांनी जी जागा शोधून काढली, तिला तोड नाही. आमच्या बैठकीला एक दिवस ते येऊन खुर्चीत बसले आणि हात जोडून म्हणाले, "आज मैं भी प्रार्थना करूँगा."

मावशींना कोण आनंद! तिघींनी डोळे मिटले. आणि जिथं कुणाला मध्ये बोलता येत नाही, अशा त्या जगातल्या एकमेव ठिकाणी बसून तिवारीजींनी एका श्वासात सांगून टाकलं, "हे प्रभु यीशु, आप तो सब जानते हैं. भोपाल से साहब आ रहे हैं, पहली जनवरी से नीचे का मकान उनको चाहिए, मेरे मुँह से हाँ निकल गई, बहनजी को खाली करना पड़ेगा, आप ही उनको समझाइए, मेरी हिम्मत नहीं है, आमीन."

"आमेन," आम्ही तिघी म्हणालो.

सवय हो! इतक्या वर्षांची सवय! प्रार्थना संपली की तोंडातून आमेन बाहेर पडतंच. डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि जिन्यावर चपलांचा फटफटाट ऐकू येत होता.

प्रभाताई आधी सावरल्या. "हिंदीत होती," त्या म्हणाल्या. "हिंदीतली धरायची नाही."

"काहून? देवाले हिंदी येत नाही काय?" मावशी शांतपणे म्हणाल्या. त्यांनी तिवारीजींची रिकामी खुर्ची उचलून भिंतीशी लावली. "आमेन म्हटलं आपन. मीबी म्हटलं."

मुलगा पुण्याहून कधीपासून बोलावत होताच. नवव्या मजल्यावर घर, लिफ्ट, सगळं. मावशी एकदा जाऊन राहून आल्या होत्या. "चांगलं हाय सारं," त्यांनी तेव्हा मला सांगितलं होतं, "पन तिथं मले कोनी सिस्टर म्हनत नाही. रस्त्यानं गेली तं एक मानूस कमरेवर हात ठेवत नाही." त्या हसत हसत म्हणाल्या होत्या, पण आता मला ते हसणं आठवलं आणि मी कप तसाच खाली ठेवला. या भरलेल्या राजधानीत एकट्या म्हातारीला दुसरं घर कोण देणार? मावशी गेल्या तर रायपूरच जाणार होतं त्यांच्या हातून, आणि आमची गोष्टही.

मावशी रडल्या नाहीत. भांडायला वर गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी भांडी खोक्यात भरली आणि मग आपल्या वाट्याचं पान लिहायला बसल्या. त्या पानात उतारशाळेच्या मालकाला मिशा फुटल्या. मेंदीच्या. मग त्याला हिरवी स्कूटर आली. मग तो गर्भार मरियेला दारात उभी ठेवून पेढा देतो आणि म्हणतो, "हे घर तुमचंच आहे, फक्त आत येऊ नका."

मी इतकी हसले की मला उचकी लागली. प्रभाताईसुद्धा हसल्या, आणि त्या एरवी फक्त ईस्टरला हसत.

तिवारीभाभींना मराठी कळायचं. मावशींच्याच ओट्यावर बसून शिकल्या होत्या. खिडकीतून त्यांनी ते पान ऐकलं आणि संध्याकाळी तिवारीजी खाली हजर. चेहरा असा, की जणू दोन्ही गणेश मंडळांनी एकदम हिशोब मागितला आहे.

"बहनजी, आपने मुझे बाइबल में डाल दिया?"

"बायबलात नाही, आमच्या गोष्टीत टाकलं."

"पूरा चर्च सुनेगा. लड़कियों का ब्याह करना है मुझे." ते खुर्चीच्या टोकाला बसले. "मूँछ रहने दीजिए, स्कूटर भी रहने दीजिए. बस उससे हाँ बुलवा दीजिए. कि आइए, जगह है. आप मेरे लिए इतना कर दें, तो मैं भी साहब से एक बार बात करके देखूँगा."

मी आणि प्रभाताईंनी एकमेकींकडे पाहिलं. सौदा सोन्याचा होता. एका 'नाही'च्या जागी 'या' लिहायचं आणि मावशींचं घर वाचवायचं. प्रभाताईंनी तर लगेच डोळे मिटून हात जोडले. पण मावशींनी त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला आणि आमच्या इतिहासात पहिल्यांदा एक प्रार्थना सुरू होण्याआधीच थांबली.

"नाही जमत, तिवारीजी. त्यानं हो म्हटलं तं मरिया आत गेली. आत गेली तं पलंगावर निजली. पलंगावर बाळ झालं तं गोठा कुठं गेला? मेंढपाळ कुठं जातीन? आमच्या भाभी त्यायले मेंढ्यायसंग गालिच्यावर चढू देतीन काय? त्याच्या एका 'नाही'वर सारा नाताळ उभा हाय. मले घर देतो म्हटलं म्हून मी नाताळ पाडू?"

तिवारीजी खुर्चीच्या टोकावरून मागं सरकून ताठ बसले. आपण इतके महत्त्वाचे असू, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आनि आयका," मावशी पुढं म्हणाल्या, "तो मालक स्टेजवर कोन वाचंन, मी इचारच करून राहिली. तुमीच वाचा."

तिवारीजींना नाही म्हणायचं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर स्वच्छ दिसत होतं. ते म्हणाले, "जी, बिलकुल."

मग मावशींच्या अंगणात ज्या तालमी झाल्या, त्या मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी मरियेचं वाचायची, प्रभाताई योसेफाचं. आम्ही जागा मागायची आणि तिवारीजींनी दोनच शब्द म्हणायचे, "जागा नाही." पहिल्या दिवशी ते म्हणाले, "जागा तो नाही... लेकिन देखते हैं... चाय लेंगे?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जागा नाही," आणि लगेच माझी माफी मागितली. तिसऱ्या दिवशी 'जागा' इतकं जोरात आलं की कावळे उडाले, पण 'नाही'च्या वेळी हवा गेलेल्या सायकलीसारखा आवाज निघाला.

मावशी त्यांच्यामागं उभ्या राहिल्या आणि प्रसूतीच्या खोलीत उभ्या राहतात तशा ओरडू लागल्या. "गळ्यातून नाही, पोटातून! कळ द्या! अजून! श्वास सोडू नका! थोडंसंच राह्यलं! येऊन राह्यलं, येऊन राह्यलं!" वरच्या खिडकीत तिवारीभाभी येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या मोहल्ल्यातली माणसं गोळा झाली. दवाखान्यात कुणाला न्यायचं असेल म्हणून एक रिक्षावालाही थांबला.

ज्या बाईला हा माणूस घराबाहेर काढणार होता, ती त्याला नाही म्हणायला शिकवत होती. मी एकदा स्वयंपाकघरात त्यांना म्हटलंही, "मावशी, तुम्ही यांच्यावर एवढी मेहनत कशाला घेताय?"

त्या करंजीच्या कडा दाबत होत्या. "गरीब हाय व तो. पन्नास वर्षं झाली, पोटात अडकून हाय त्याच्या. मोकळा होऊ दे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. तिवारीजी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून उभे राहिले. मी मरियेचं वाचलं, प्रभाताईंनी योसेफाचं वाचलं. आता पाळी मालकाची. तिवारीजींनी श्वास घेतला, मिशा हलल्या, आणि पन्नास वर्षांचा साठा एकदम बाहेर पडला.

"जागा! नाही!"

काय सांगू! माझ्या हातातले कागद उडाले. पाळकसाहेबांचा चष्मा नाकावरून सुटून दाढीत अडकला. तान्ही पोरं एका सुरात रडू लागली, आणि मागच्या रांगेतला एक पोट्टा, जो बाहेर मोटरसायकल लावून फक्त केकसाठी आला होता, उभा राहून "वन्स मोर" ओरडला. आणि तिवारीजींनी पुन्हा म्हटलं. आणि मग आपण होऊन तिसऱ्यांदाही म्हटलं. मरिया आणि योसेफ गोठ्याकडे निघून गेले तरी ते म्हणतच होते. घरी जाताना स्कूटरवरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "जागा नाही! जागा नाही!" वाटेत गालिचेवाला भेटला, म्हणतात. तो त्यानंतर रायपुरात दिसला नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी आणि प्रभाताई मावशींचं उरलेलं सामान बांधायला गेलो होतो. भिंतीवरचं येशूचं चित्र उतरवून झालं होतं. मावशी अनरशांचा डबा कुठल्या खोक्यात घालावा या विचारात होत्या, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. साहेब आले होते, ठरल्यापेक्षा आधीच.

आम्ही खिडकीशी धावलो. वरून तिवारीजी उतरत होते, पण पाय असे टाकत होते की जणू हत्तीवरून उतरत आहेत. फाटकाच्या मधोमध ते उभे राहिले, पोटात हवा भरली आणि चौबे कॉलनीच्या चारी कोपऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जगह नहीं है! यहाँ हमारी बहनजी रहती हैं!"

मावशींनी अनरशांचा डबा पुन्हा फळीवर ठेवला. प्रभाताई माझ्या गळ्यात पडून रडू लागल्या आणि या वेळी ते अश्रू कुणाला कापावेसे वाटले नाहीत. मीही रडत होते, हसत होते. मग मी पुन्हा बाहेर पाहिलं.

भोपाळचे साहेब म्हणजे मी मनात केवढा तरी राक्षस उभा केला होता. प्रत्यक्षात फाटकाबाहेर एक काडीसारखा माणूस उभा होता. स्वेटरची गुंडी चुकीच्या काजात लावलेली, एका काखेत होल्डॉल, दुसऱ्या हातात कुकर. "जी, ठीक है," तो म्हणाला. अगदी हळू. "दफ़्तर में मेज़ पर सो रहा था, इसलिए पूछा." त्यानं तिवारीजींना नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे कुकरच कपाळाला लावला. ऑटो तर निघून गेला होता. तो रस्त्यानं चालू लागला.

माझ्या शेजारून काहीतरी सुटलं. मावशी. पायात चपला नाहीत, पदर कमरेला. "ओ साहेब! ओ कुकरवाले! थांबा!"

साहेब थांबले. मावशींनी त्यांच्या काखेतला होल्डॉल काढून घेतला, स्वेटरची गुंडी नीट लावली आणि विचारलं, "जेवले?" साहेबांनी मान हलवली, हो की नाही ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

"चला. समोरची खोली रिकामीच हाय. तुमचं क्वार्टर भेटेपर्यंत राहा."

"मावशी!" प्रभाताई खिडकीतून किंचाळल्या. "ती आपली लिहायची खोली आहे!"

पण सगळ्यात मोठा धक्का तिवारीजींना बसला होता. त्यांच्या मिशा पार उतरल्या. "बहनजी, ये क्या कर रही हैं? मैंने तो मना कर दिया! ज़िंदगी में पहली बार मना किया! आपके लिए किया!"

"हव, आयकलं मी," मावशी म्हणाल्या आणि जाता जाता त्यांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली, जशी त्या नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या पाठीवर मारायच्या. "एक नंबर म्हटलं. अस्संच म्हनायचं. मालकानं नाहीच म्हनायचं असते, तिवारीजी, ते काम तुमचं. गोठ्याचं काम माह्याकडे हाय."

आणि होल्डॉल खांद्यावर घेऊन त्या आत आल्या. मागोमाग साहेब आले आणि दारात बूट काढू लागले.